गोठ्यातलं बिऱ्हाड

कलकत्ता,
१४ जानेवारी १९७३

ती. अक्कास,

सरोजचा नमस्कार. सोबत पुडीत तिळगूळ आहे. तो खा, पण गोड बोल असं मला आज सांगू नकोस. जमणार नाही. यांनी गोठा विकत घेतलाय.

बरोबर वाचलंस. गोठा. गाईम्हशींचा. बराकपूरला यांच्या ऑफिसातले एक घोषबाबू राहतात. गेल्या वैशाखात त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर हे पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडले आणि उन्हाचे एका पडीक गोठ्यात शिरले. आत म्हणे गार होतं. झालं! तेव्हापासून एकच ध्यास. “पंखा नाही, वीज नाही, आणि ऐन दुपारी गार, सरोज!” मला वाटलं, लागलं असेल ऊन, उतरेल. कसलं काय. गेल्या आठवड्यात एस्प्लनेडच्या ऑफिसातून आले ते कागदावर सही करूनच.

शंभर वर्षांपूर्वी कुणा जमीनदाराची तिथे शेती आणि बागानबाडी, म्हणजे बागेतला बंगला, होती. मोठा बंगला कधीच पडला, गोठा तेवढा उरला. दोन हात जाड भिंती, वर कौलं, कौलांच्या माथ्यावर आणखी एक चिमुकलं छप्पर आणि त्या फटीतून कबुतरांची ये-जा. दक्षिणेला तळं. इतकी वर्षं गाई नाहीत, तरी मी पाय ठेवला तर शेणाचा वास आलाच.

आणि आपलं काय गं अक्का? तुझ्या घराशेजारचा प्लॉट तू चौदा वर्षं माझ्यासाठी राखून ठेवलास. येत्या डिसेंबरात हे रिटायर झाले की मिरज, दोघी शेजारी शेजारी, एका विहिरीचं पाणी पिऊन म्हाताऱ्या व्हायचं, हे आपलं ठरलेलं. आम्हाला मूलबाळ नाही, मागे कुणाची ओढ नाही. मग या परमुलखात कशासाठी राहायचं?

दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, “नऊ बिऱ्हाडं केली, सगळी सरकारी भिंतींत. एखादी भिंत आपण निवडलेली असू दे.” यावर काय बोलणार? तरी बोललेच. पण तू त्यांना लिही. माझं ऐकत नाहीत, तुला मात्र वचकून असतात.

तुझी,
सरू


मिरज,
२ फेब्रुवारी १९७३

चि. सौ. सरूस,

अनेक आशीर्वाद. तिळगुळाचा पोस्टाने चुरा केला. चमच्याने खाल्ला.

गुरुदत्तरावांना मी लिहिणार नाही. माझ्यापेक्षा लहान असले तरी बहिणीचा नवरा, मान ठेवायला हवा. शिवाय तुझं भांडण तू माझ्या हातून भांडायचं ही तुझी सवय लहानपणापासूनची आहे. तुझं तू बघ. पण सह्या झाल्या तरी गोठा पुन्हा विकता येतो, एवढं ध्यानात ठेव.

इथलं सांगते. संक्रांतीला विजय आला होता. पुन्हा तेच पालुपद, “आई, एकटी काय करतेस इथे, मुंबईला चल कायमची.” सूनही भली आहे, दोघं मनापासून बोलावतात. पण मला त्या तिसऱ्या मजल्यावर चार दिवसांत गुदमरायला होतं. मुलाला असं तोंडावर सांगता येत नाही. म्हणून मी म्हणते, “अरे, वर्षभरात सरूमावशी येतेय शेजारी, मग मी एकटी कुठली?” एवढं म्हटलं की गप्प बसतो. माझ्यापाशी उत्तर आहे ते हे एवढंच. तुझ्या येण्यावर माझं इथलं राहणं टांगलेलं आहे सरू, हे तुला आधी बोलले नव्हते. आता बोलले.

तुझे भाऊजी गेल्याला सहा वर्षं झाली. अजून चार वाजता चहाला दोघांचं पाणी ठेवलं जातं आणि मग एक कप ओतून द्यावं लागतं. बाकी सगळं ठीक. प्रकृतीला जप, आणि यांच्या त्यांच्या नादी लागू नकोस.

अक्का


कलकत्ता,
२७ मे १९७३

ती. अक्कास,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. अगं, श्वास घ्यायला फुरसत नाही.

मी काही या गोठ्याच्या कामात पडणार नव्हते. पण हे आयुष्यभर फायली चाळलेले गृहस्थ, यांना लाकडातलं काय कळतंय? उत्तरेकडे शोभाबाजाराजवळ एक जुनं मोठं घर पाडताहेत, तिथलं सामान विकायला आहे म्हणून हे निघाले, तर म्हटलं कुणी यांच्या गळ्यात वाळवी लागलेलं घालायला नको. गेले. आणि अक्का, काय सांगू! अंगणात बर्मा सागाच्या तुळया नुसत्या रचून ठेवलेल्या. नखाने खरवडून वास घेतला, तर शंभर वर्षांनंतरही तेल आहे त्यात. मी यांना खूण केली आणि तोंड वाकडं करून उभी राहिले, म्हणजे दलाल जास्त चढायला नको.

खिडक्या मिळाल्या अकरा. इथे त्यांना खडखडी म्हणतात. दाराला आडव्या पट्ट्या असतात, दांडी ओढली की सगळ्या एकदम मिटतात. वारा आत येतो आणि ऊन बाहेर राहतं. फुटक्या संगमरवराच्या लाद्या घेतल्या, त्या जोडून जमीन होईल. जुन्या विटा तर विचारू नकोस, पाचसहा बायका दिवसभर बसून एकेकीवरचा चुना खरवडतात, माझीही त्यांच्याशी ओळख झाली. मिस्त्री म्हणाला, सिमेंट. मी म्हटलं, सिमेंटचा परवाना तुझा काका आणून देणार आहे का? तुटक्या विटांचा चुरा कर, त्यात चुना मिसळ. या भिंती त्यावरच उभ्या आहेत, पुढेही राहतील. हे माझ्याकडे बघतच राहिले.

सगळं सामान बागबाजारच्या घाटावरून होडीने नेलं. बावन्नाव्या वर्षी मी खिडक्यांच्या ढिगावर बसून गंगेतून गेले. काठावरचे लोक हसत होते. हसोत बापडे.

आपलं स्वयंपाकघर पूर्वेला येईल, सकाळचं ऊन ओट्यावर. वैरणीच्या माळ्यावर आपली निजायची खोली. तुला काही जिना चढायला लावणार नाही, तुझ्यासाठी खालची खोली, तळ्याच्या बाजूची. एकदा येऊन बघून जा ना! चुन्याला महिनाभर पाणी मारावं लागतं, नाहीतर मीच चार दिवस येऊन तुला घेऊन आले असते.

तुझी,
सरू


मिरज,
१८ जून १९७३

चि. सौ. सरूस,

आशीर्वाद. पत्र पोचलं. तीनदा वाचलं. चार पानांत मिरजेचं नाव एकदाही आलेलं नाही.

खिडक्या चांगल्या मिळाल्या हे छान झालं. होडीत अशी बसत जाऊ नकोस, तुला पोहता येत नाही.

विजयचं पत्र होतं. मावशी नक्की कधी येणार, असं विचारतो. मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहू ते तू कळव.

अक्का


बराकपूर,
८ एप्रिल १९७४

ती. अक्कास,

नमस्कार. मधे मी नुसती कार्डं टाकत राहिले, तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तेव्हा देववत नव्हतं. आता देते.

जानेवारीत क्वार्टर सोडलं आणि इथे राहायला आलो. थंडीत सगळं गोडच लागतं. येणारेजाणारे वाहवा करत होते, मीही मिरवून घेत होते. पण आता उन्हाळा सुरू झालाय आणि घराची भट्टी झालीय गं. यांचा तो सुप्रसिद्ध गारवा कुठे गेला कोण जाणे. त्यातून रोज लोडशेडिंग. दोन दोन, तीन तीन तास वीज नाही. पंखा हवा म्हणून मी भांडले होते, तो आणला, तर तोही नुसता टांगलेला. रात्रीसुद्धा भिंती गरम. काल हे थर्मामीटर घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडत होते. बाहेरच्यापेक्षा आत दोन अंश जास्त! चेहरा पाहवेना. मला म्हणाले, “त्या दिवशी गार होतं, सरोज. मला भास नव्हता झाला.” एवढ्या वर्षांत त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

घरात मन रमावं म्हणून देवांचं तरी नीट केलं. देव्हारा दक्षिणेच्या भिंतीला मांडला होता, पण तिथे जमिनीलगत ओळीने चौदा भोकं आहेत, गोमूत्र वाहून जायला ठेवलेली. फाल्गुन सरता सरता दक्षिणेचा वारा सुटला आणि समई राहीना. पाडव्याला पूजेच्या मधे तीनदा विझली. वर्षाच्या पहिल्या दिवशी! माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. शिवाय देवांच्या पायाशी गाईच्या मोरीची भोकं, हे काय बरं दिसतं? दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीकडून सगळी बुजवून घेतली. समई तेवढी आता सुखात आहे.

आम्ही मात्र नाही. काल रात्री दोघं तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो, तेव्हा हे आपणहून म्हणाले, “तुला नकोसं झालं असेल तर विकून टाकू. मिरजेला जाऊ.” मी हो म्हटलं. दिवाळीपर्यंत येते अक्का. विजयला खुशाल कळव.

तुझी,
सरू


मिरज,
२६ एप्रिल १९७४

चि. सौ. सरूस,

अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवलं. शेजारची प्रेमलता म्हणाली, “शकूताई, आज वाचताना चष्मा सारखा का पुसताय?” पुसेन नाहीतर काय. तुमचे हाल झाले याचं वाईट वाटायला हवं, ते वाटतंच. पण खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला.

मी थांबले नाही. परवा अक्षय्य तृतीया होती, मुहूर्त शोधायला नको. त्याच दिवशी प्लॉटवर कुदळ मारली. दिगंबर गवंडी कामाला लागलाय. पावसाआधी जोतं भरून होईल, भिंती दसऱ्यापर्यंत. तीन खोल्या आणि पुढे ओसरी. देवघराला वाऱ्याचा त्रास होणार नाही अशी जागा धरली आहे. तुझ्या खिडक्या तिथेच सोडून येऊ नकोस. मालगाडीने येतील, चौकटी त्यांच्या मापाच्या करून घेऊ. मापं लगेच पाठव.

विजयला लिहिलं, मावशी दिवाळीला येते, आता तो विषय पुन्हा काढायचा नाही. त्याचं उलट टपाली उत्तर आलं, “ठीक आहे आई, तू जिंकलीस.” मी ते पत्र देवापुढे ठेवलं.

आज चहाला दोघांचं पाणी ठेवलं गेलं, तर मी ते ओतलं नाही. दोन्ही कप मीच प्यायले.

अक्का


बराकपूर,
६ मे १९७४

ती. अक्कास,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. चारदा लिहायला बसले आणि चारदा उठले. आता लिहिल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसले आहे.

आम्हाला दूध घालणारा नारायण आहे. म्हातारा, बिहारातल्या आरा जिल्ह्याकडचा. त्याचा बाप आणि तो, दोघांचा जन्म याच गोठ्यात गाईंचं करण्यात गेला. एरवी तो दारातूनच दूध घालून जातो. गेल्या रविवारी चक्कर आली म्हणून मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. तो म्हणाला, “माईजी, इतनी गरमी में तो यहाँ गाय भी मर जाती.” मग इकडेतिकडे बघत उठला आणि थेट देव्हाऱ्यापाशी गेला. बुजवलेल्या भोकांवरून हात फिरवला आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, ही मोरी नव्हे. मोरी पलीकडच्या कोपऱ्यात. ही भोकं वाऱ्याची. तळ्यावरचा वारा गाईंच्या पायांशी आत यावा आणि उकाडा वरच्या फटीतून निघून जावा, म्हणून ठेवलेली.

तळ्याच्या अंगाने घराचं तोंडच मी बंद करून टाकलं होतं अक्का, समईसाठी. आणि हे बिचारे थर्मामीटर घेऊन हिंडत होते. “मिस्त्री आला तेव्हा तुम्ही काही बोलला का नाहीत?” असं मी यांना विचारलं, तर म्हणाले, “मलाही मोरीच वाटली. आणि देवांचा प्रश्न होता, तुझ्या.” आम्ही दोघंही ऑफिसच्या क्वार्टरांत जन्म काढलेली माणसं, आम्हाला काय कळणार भिंतीतलं!

नारायणने पहार मागितली. हे छिन्नी घेऊन बसले. चौदाच्या चौदा भोकं तासाभरात मोकळी झाली. साप येऊ नये म्हणून वर जाळी ठोकली. देव उत्तरेच्या भिंतीला नेले. तिथे समई अगदी स्थिर जळते. हे मला जानेवारीत सुचलं असतं तर! दुपारी वीज गेली, आणि कुणी दार उघडावं तसा पायांशी वारा आला. आम्ही दोघं लादीवर बसून होतो. हे नुसते थर्मामीटर माझ्या हातात देऊन बसले. आता लोडशेडिंग झालं की घोषबाबूंच्या घरची सगळी आमच्याकडे येऊन बसतात.

आता खरं लिहिते. गोठा गार झाला म्हणून माझं मन फिरलं असं नाही. मन आधीच फिरलं होतं, त्या होडीतच बहुधा. तुझ्यापासून लपवलं, माझ्यापासूनही लपवलं. एप्रिलात उकाड्याने जीव जात होता तेव्हा मिरजेला येते म्हटलं, ते संतापाने म्हटलं. तुझ्यासाठी म्हटलं असतं तर आज मोडलं नसतं. मला इथून जायचं नाही, अक्का. हे आपण निवडलेलं आहे. एकेक वीट मी हातात घेऊन पाहिली आहे.

तू कुदळ मारलीस. ते वाचलं आणि मला रडू आवरेना. तुला काय तोंड दाखवू? काम तिथेच थांबव. तू इकडे ये, कायमची ये. खालची खोली तुझीच आहे, पहिल्यापासून तुझीच धरली आहे. रेल्वेचा संप होणार म्हणतात, पत्र कधी पोचेल कोण जाणे. लवकर पोचावं असं वाटतं, आणि पोचूच नये असंही वाटतं.

सरू


मिरज,
१२ जून १९७४

सरूस,

तुझं सहा मेचं पत्र मला सहा जूनला मिळालं. संपात कुठे पडून होतं कोण जाणे. तेवढ्या महिन्यात जोतं भरून झालं. वर मुरूम टाकून धुम्मसाने ठोकून घेतला. दिगंबर विचारतो, भिंती कधी धरायच्या. मी त्याला म्हटलं, पाऊस होऊन जाऊ दे.

मी रागावले आहे. रागावले नाही असं लिहिलं तर तू ते खरं मानशील, म्हणून स्पष्ट लिहिते. मी साठीची बाई, भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन गवंड्यापाशी उभी राहिले ती स्वतःसाठी नाही. आणि कायमची ये म्हणतेस, ते कसं येऊ? तुला तुझं घर सोडवत नाही, मग मला माझं कसं सोडवेल? विजयकडे गेले नाही ती तुझ्याकडे येईन?

विजयला अजून काही कळवलेलं नाही. कळवलं की तो मला न्यायलाच येईल.

ऑगस्टमध्ये मी येते. राहायला नव्हे. परतीचं तिकीट काढूनच येणार आहे. माझ्यापेक्षा तुला काय आवडलं, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

अक्का


बराकपूर,
२३ जून १९७४

ती. अक्कास,

ये. जशी रागावलेली आहेस तशीच ये. हावड्याला आम्ही दोघंही येऊ, डब्यातून उतरलीस की जागची हलू नकोस, तिथे माणसाला माणूस सापडत नाही. गाडीचा दिवस तेवढा कळव.

सरू


मिरज,
१२ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. सरूस,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले. डबा पुण्यापर्यंत पुरला. गुरुदत्तरावांना म्हणावं, पोळ्या तुम्ही भाजल्या होत्या हे मला कळलं, कडा कच्च्या होत्या.

विजय पुण्याला स्टेशनवर आला होता. तिथेच सांगून टाकलं. म्हटलं, सरूमावशी येत नाही. आणि मीही मुंबईला येत नाही. मला माझ्या घरात राहायचंय, दुसरं काही कारण नाही. इतकी वर्षं तुझं नाव पुढे करून मी त्याला अडवत होते. त्याने माझी ट्रंक उचलून घेतली. मग म्हणाला, “मग आधीच का नाही सांगितलंस?” खरंच, का नाही सांगितलं? उगाच तुला ओझं झालं त्याचं.

जोत्यावर भिंती धरायला सांगितलं आहे. हायस्कुलात शारदा नावाच्या नव्या शिक्षिका आल्या आहेत, आईला घेऊन राहतात, त्यांना जागा हवी आहे. घर ओस राहणार नाही. तुझ्या नावाचं होतं, आता त्यांच्या नावाचं झालं. 

तुझी आठवण फार येते. तिथे दीड महिना रोज तुला बघत होते, त्यामुळे आता जास्तच येते. माझा राग गेला का, असं तू हावड्याला गाडी सुटताना विचारलंस आणि मी नुसती मान हलवली. उत्तर द्यायचं राहिलं, ते देते.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार. वीज गेलेली होती, बाहेर पान हलत नव्हतं. मी तुझ्याशी बोलायला म्हणून माझ्या खोलीतून बाहेर आले, तर तू लादीवर तशीच झोपली होतीस. चटईसुद्धा नव्हती. तोंड उघडं, केस कपाळावर, पायांशी त्या भोकांतून वारा येत होता. मी जवळ बसले. दिल्लीला, मद्रासला, शिलाँगला, तुझी किती बिऱ्हाडं मी पाहिली, पण तुला अशी झोपलेली कुठेच पाहिली नव्हती. जरा कुठे खुट्ट झालं की उठून बसायचीस, पाहुण्यांच्या घरी असल्यासारखी. त्या दिवशी दारावर पोस्टमनने कडी वाजवली, दोनदा वाजवली, तरी तुला पत्ता नाही.

मी बघायला आले असं लिहिलं होतं, ते खोटं होतं, सरू. मी तुला न्यायला आले होते. परतीचं तिकीट एकाचं नव्हतं, दोघींचं होतं. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांखाली. काय बोलायचं ते गाडीत सगळं पाठ केलं होतं, आणि तेच बोलायला मी त्या दुपारी बाहेर आले होते.

पोस्टमन तिसऱ्यांदा कडी वाजवायला लागला. मी उठले, दार अर्धं उघडलं, आणि ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प राहा म्हणून खूण केली.

तुझी,
अक्का